गुपितालाही मुदत हवी

सुरक्षेशी संबंधित जुना कागद कोणी मागितला की आपल्याकडे कागदापेक्षा मागणाऱ्याच्या हेतूचीच चर्चा अधिक होते, हे लंडनहून मराठी वर्तमानपत्रे वाचताना वारंवार जाणवते. १९६२च्या चीन युद्धातील पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण ज्यांच्याविषयी अभिमानाने म्हणतो, त्या यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री या नात्याने सप्टेंबर १९६३ मध्ये त्यातील निष्कर्षांचा गोषवारा संसदेपुढे ठेवला, पण अहवाल ठेवला नाही. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, तेव्हा ते योग्यच होते. मात्र २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकल्यानंतरही सरकारने तो गोपनीयच मानला, म्हणजे बीजिंगला वाचता येणारा मजकूर भारतीय संशोधकाला अधिकृतपणे मिळेना.

इथे लंडनमध्ये क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत बंद फाइलचीही नोंद दिसते आणि अनेकदा ती कधी खुली होणार याची तारीखही शेजारी असते. इराक युद्धावरील चिलकॉट अहवालाला सात वर्षे लागली खरी, पण २०१६ मध्ये तो आला तेव्हा युद्धाच्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना पाठवलेली गोपनीय टिपणे त्यासोबत प्रसिद्ध झाली, आणि साक्ष देणाऱ्या गुप्तचर अधिकाऱ्यांचा उल्लेख नावाऐवजी क्रमांकाने झाला. झाकायचे तेवढेच झाकले.

ब्रिटनची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. येथील माहिती कायदा एमआय५ आणि एमआय६ या गुप्तचर संस्थांविषयीची माहिती सरसकट वगळतो. आपल्या २००५च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम २४ गुप्तचर संस्थांना सूट देतानाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरते दार उघडे ठेवते.

आपली खरी अडचण कलम ८(३) मध्ये आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी असे ते सांगते, पण सुरक्षेचा अपवाद त्यानंतरही कायम ठेवते. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१च्या धोरणानुसार दस्तऐवज साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हायला हवेत, तरी निर्णय संबंधित संस्थेच्याच हाती राहतो. ज्या कार्यालयाची चूक कागदात असू शकते, त्यालाच तो झाकण्याचा अधिकार कायमचा देऊ नये. पंचवीस वर्षांनंतर कागद का रोखला, याचे लेखी कारण त्या कार्यालयाने संसदेच्या समितीला दिले पाहिजे आणि पुढील फेरविचाराची तारीख जाहीर केली पाहिजे.