खुलासा: हिरड्या साफ केल्या म्हणून डायबेटीसची गोळी सुटत नाही

‘दात साफ करून घ्या, शुगर नॉर्मल होते, गोळ्या बंद करा’ असा मेसेज फिरतोय. यातलं अर्धंच खरं. हिरड्यांची सूज उतरली की इन्सुलिनचं काम थोडं सुधारतं. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२२ च्या आढाव्यात उपचारानंतर ३-४ महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या २-३ महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, म्हणजे ८.४ चं साधारण ८. गोळी सोडण्याइतकं नाहीच. तेही हिरडीखालचं, मुळांवरचं कीटण खरवडल्यावर. नुसत्या पॉलिशिंगने नव्हे. टेस्ट तीन महिन्यांनी करा, आठवड्यात फरक दिसत नाही. आणि दातांच्या दवाखान्यात उपाशीपोटी जाऊ नका! इन्सुलिन घेतलेलं, तोंड बधिर, जेवण लांबलेलं, की शुगर धाडकन खाली येते.