मोबाईल बोलतो, म्हणून अक्षर नको?

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "आता मोबाईलशी नुसतं बोललं की काम होतं. म्हाताऱ्यांना बाराखडी शिकवणं म्हणजे पैशाची नासाडी. या वयात डोक्यात काही शिरत नाही, आणि अडलंच तर नातवंडं आहेत." साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मी संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेते. हा मेसेज वर्गातल्या बायकांच्या मुलांनीच पुढे पाठवलेला पाहिला, म्हणून लिहिते आहे.

बोलून काम होतं हे खरं आहे, पण अभंग लावायचं किंवा लेकीला फोन लावायचं. पैशाचा विषय आला की मेसेज वाचावाच लागतो. ओटीपीचा मेसेज उघडून बघा. खात्याचे शेवटचे आकडे, रक्कम आणि त्यातच कुठेतरी तो ओटीपी. यातला नेमका कुठला टाकायचा, हे वाचता येणाऱ्यालाच कळतं. मोबाईलने तो मोठ्याने वाचून दाखवला तर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाणार. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी "तूच बघ रे बाबा" म्हणत मोबाईलच सेंटरवाल्या पोराच्या हातात दिला. तो पोरगा चांगला होता. सगळीकडे तसाच भेटेल, या भरवशावर कुणाचं खातं सोडायचं?

शिवाय एक अडचण वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. फळ्यावर शिकलेले आकडे मराठी आणि कीपॅडवरचे इंग्रजी. इंग्रजी नऊ आमच्या बायका 'एक' वाचतात, कारण तो हुबेहूब १ सारखा दिसतो. इंग्रजी आठ त्यांना ४ वाटतो. पिन पाठ असूनही चुकतो तो यामुळे. आता मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेली पट्टी प्रत्येकीच्या मोबाईलच्या मागे चिकटवली आहे. आठवडाभरात निम्म्या जणी पट्टी न बघता आकडे दाबायला लागल्या.

राहिलं वय. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, त्याहूनही मोठ्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन तिथे बसल्या. डोकं आडवं आलं नाही. आडवा येतो तो नियम. केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना, पीएमजीदिशा, २०१७ ते २०२४ चालली, सहा कोटींवर लोकांना शिकवल्याची नोंद झाली. पण तिची वयोमर्यादा १४ ते ६० होती आणि प्रशिक्षण जेमतेम २० तासांचं. एकसष्टीच्या बाईला तिथे जागाच नव्हती. २०२२ पासूनच्या 'उल्लास' या केंद्राच्याच प्रौढ साक्षरता योजनेत १५ वर्षांपुढचा कुणीही निरक्षर बसू शकतो, आणि अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरताही त्यातच धरली आहे. माझ्या मते हे बरोबर आहे. आधी सगळी बाराखडी आणि मग मोबाईल, असं करत बसलं तर बायका दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत. मी पहिला धडा मोबाईलमधल्या नावांचा घेते. 'सुनीता', 'जावई', 'दवाखाना'. जी नावं रोज लागतात ती लवकर ओळखू येतात.

नातवंडांचं म्हणाल तर ती दिवसा शाळेत, नंतर पुण्यात. आणि आजीने कुणाला किती पैसे दिले, हे नातवाला कळायलाच हवं असं कुठे आहे? वर्गातल्या एका आजींनी मला हे हळू आवाजात सांगितलं. त्यांना मुलीला गुपचूप पाचशे रुपये पाठवायचे होते.

त्यांच्या बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात. पूर्ण इंग्रजी शिकवणं माझ्या आवाक्यात नाही, पण 'क्रेडिटेड' आणि 'डेबिटेड' हे दोन शब्द मी कागदावर मोठे काढून दिले. पहिला सुरू होतो 'सी'ने, दुसरा 'डी'ने. परवा पैसे पाठवून झाल्यावर त्यांनी मेसेज उघडला, 'डी'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "गेले बघा."