गुलाबी असलं तरी मीठच

‘सैंधव मिठात सोडियम नसतं. त्यात 84 खनिजं असतात. रोज सकाळी अर्धा चमचा कोमट पाण्यातून घ्या, बीपीची गोळी सुटेल. पांढरं मीठ म्हणजे कारखान्यातलं विष!’ हा मेसेज भिशीच्या ग्रुपवरून पंचवटीत आमच्या आईपर्यंत पोचला. शनिवारी गेलो तर ओट्यावर गुलाबी खड्यांची बरणी, शेजारी खलबत्ता, आणि गोळ्यांच्या पाकिटात सहा गोळ्या जास्तीच्या शिल्लक.

सोडियम नसतं म्हणे! अगं, मीठ म्हणजेच सोडियम क्लोराइड. सैंधव खाणीतून काढतात, पण त्यातही जवळजवळ सगळं तेच. रंग येतो तो लोहासारख्या किरकोळ अंशांमुळे.

डोकं फिरलं ते अर्ध्या चमच्याने. काटा काढून तिच्यासमोरच मोजलं: अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सोडियम 2000 मिलिग्रॅमच्या आत. आईचा निम्मा कोटा चहाच्या आधीच संपत होता. वरून गोळी बंद! बीपी वाढलं तरी डोकं दुखेलच असं नाही, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ याला काही अर्थ नाही.

खनिजं असतात, पण चिमटीत मावेल एवढ्या मिठातून पोटॅशियम मिळणार जेमतेम काही मिलिग्रॅम. एका केळ्यात साडेतीनशेच्या वर असतं. केळं खा की.

पांढरं मीठ विष नाही. त्यात आयोडीन घालतात, ते गलगंड होऊ नये म्हणून.

एक मान्य करतो, मिठाने सगळ्यांचं बीपी सारखं वाढत नाही. मे महिन्यात निफाडच्या बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याची गोष्टही वेगळी. भिशी मात्र पंख्याखाली बसून होते.

मोजायचंच असेल तर मिठाच्या पुडीवर फोडल्याची तारीख लिहा. चार माणसं, 5 ग्रॅमप्रमाणे 20 ग्रॅम रोज, म्हणजे किलोची पुडी 50 दिवस पुरायला हवी. आमची महिन्याच्या आत संपते. थोडं मीठ लोणच्यात जातं हे खरं, पण रविवारची मिसळ, तिच्यावरचं फरसाण, सोबतचा पापड हे हिशेबात धरलेलंच नाही. पापडखारातही सोडियमच असतं. नेमका आकडा हवा तर डॉक्टर 24 तासांची लघवी साठवून तपासायला सांगतात.

कमी सोडियमवालं मीठ मिळतं, त्याचा उपयोगही होतो. पण त्यात पोटॅशियम असतं, म्हणून किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

डॉक्टरांना फोन लावून दिला, गोळी परत चालू झाली. बरणी मात्र तिने टाकू दिली नाही. उपासाला लागते म्हणाली. बरं, महिन्याला दोन एकादश्या, एवढं चालेल.