बाळसं टिकवावं कसं?

मुलाच्या बाळशाला पहिला धोका सहाव्या-सातव्या महिन्यातच असतो. उष्टावण झालेलं असतं, मामाच्या मांडीवर बसून सोन्याच्या अंगठीने खीर चाटून झालेली असते, आणि एक दिवस चार घास झाल्यावर पोर तोंड फिरवतं. त्याचं पोट भरलेलं असतं. पोट भरलं की थांबायचं हे त्याला कुणीही शिकवलेलं नसतं, तरी त्याला येतं. तुमचं काम इथून सुरू होतं. ही खोड वेळीच मोडली नाही तर मोठेपणीही भूक भागल्यावर ताटावरून उठायची सवय राहते, आणि मग लग्नाच्या पंगतीत लोक विचारतात, 'घरी सगळं बरं आहे ना?'

तेव्हा तोंड फिरवलं रे फिरवलं की मोबाइल लावा. पूर्वी या कामाला काऊ-चिऊ होते, पण काऊ कधीतरी उडून जायचा आणि त्याच्याबरोबर घासही संपायचे. मोबाइलवरचं गाणं संपलं की दुसरं आपोआप लागतं. मूल पडद्याकडे बघत नुसता आ करतं. आत काय पडलं, किती पडलं, याची त्याला गंधवार्ता नसते. वाटी रिकामी झाली की ती सासूबाईंना दाखवून या.

या विषयातला माझा अधिकार म्हणजे माझा भाचा, इयत्ता चौथी. शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याच्या कार्डावर 'वजन जास्त' असं लिहून आलं, तेव्हा ताईने आधी मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौकशी केली. निघालं असं की सतरा जणांच्या कार्डावर तेच लिहिलं होतं. सतरा आया एका बाजूला आणि काटा एकटा दुसऱ्या बाजूला. संध्याकाळपर्यंत ठरलं, शाळेचा काटा बिघडलाय. तुमच्याकडे असं कार्ड आलं तर हीच पद्धत वापरा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली छापून आलं की भारतातली ५ ते १९ वयाची सुमारे सव्वा कोटी मुलं २०२२ मध्ये लठ्ठ होती. १९९० मध्ये ती चार लाखांच्या आसपास होती. बत्तीस वर्षांत देशभरातले किती काटे बिघडले असतील, विचार करा.

शब्द जपून वापरा. 'लठ्ठ' हा शब्द घरात उच्चारायचा नाही. मूल गुटगुटीत असतं, अंगाने भरलेलं असतं, खात्यापित्या घरचं असतं, आमच्याकडे सगळ्यांची हाडंच रुंद असतात, आणि उंची वाढली की सगळं जिरून जातं. मुलगी असेल तर मात्र हे शब्द बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंतच चालतात. त्यानंतर तीच आजी भातावर तुपाची धार सोडता सोडता 'पुढे लग्नाला अडचण येईल हो' म्हणू लागते. धार मात्र तेवढीच राहते.

आता शाळा. इथे सरकार तुमच्या आड येतं, पण फारसं नाही. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की शाळेच्या उपाहारगृहात वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, केक, शीतपेयं वगैरे विकायची नाहीत. चपाती, भात, इडली, खीर, नारळपाणी ठेवायचं. पुढे २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की मीठ, साखर, मेद यांचा भडिमार असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. भाच्याच्या शाळेबाहेर एक चायनीज भेळवाला उभा असतो. मी एकदा फाटकापासून त्याच्या गाडीपर्यंत पावलं मोजली. बहात्तर. मध्ये गटाराचं झाकण उघडं होतं, तिथे एक ढांग मोठी टाकावी लागली. म्हणजे गाडी कायद्याच्या रेषेवर होती, फार तर हातभर बाहेर. मी त्याला विचारलं, "पोरं इथपर्यंत येतात का?" तो कढई खरवडत म्हणाला, "पोरं कशाला येतील साहेब? मम्मी लोक स्कूटी थांबवून घेतात."

इतकं सोपं आहे. पन्नास मीटर चालायची पाळी मुलावर येऊ न देणं, हेच पालकांचं कर्तव्य.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले. कारण असं दिलं की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांतला १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांतला १५ टक्के वाटा साखरेचा असतो, आणि तो ५ टक्क्यांच्या वर नसावा. भाच्याच्या शाळेत हा फलक करायचं काम मुलांना प्रकल्प म्हणून दिलं, म्हणजे अर्थातच ते ताईने केलं. रात्री बारापर्यंत ती थर्माकोलवर साखरेच्या पुड्या चिकटवत होती: कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीशेजारी आठ चमचे साखर. काम सुरेख झालं. अनावरणाला पाहुणे आले, गाजर झालेल्या एका मुलाने आणि पालक झालेल्या एका मुलीने नाच केला, पाहुण्यांनी पालेभाज्यांवर भाषण केलं. मग मुलांना रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात आंब्याच्या पेयाचा एक खोका आणि क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा दिला. रांग फलकापासूनच सुरू होत होती. गाजराला स्ट्रॉ खोक्यात खुपसता येईना, ती पालकाने खुपसून दिली.

यात दोष काढू नका. लहान मुलांचा कार्यक्रम म्हटल्यावर हातावर काहीतरी ठेवायला नको? 'खाऊ' या आपल्या शब्दातच सगळं आलं. पाहुणा कोपरापर्यंत बाही सारून पिशवीतून दोन पेरू काढू लागला तर मूल त्याच्याकडे ज्या नजरेने बघेल, ती झेलायची तुमची तयारी आहे का? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना असतो, त्या हिशेबाने मुहूर्तही चांगला साधला.

खेळाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुम्हाला करण्यासारखं फार नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाई मागून घेतात. सोसायटीत 'आवारात खेळण्यास सक्त मनाई' ही पाटी असतेच. नसली तर पुढच्या सभेत ठराव मांडा. क्लास चारशे मीटरवर असेल तर स्कूटीवरून सोडा. वाटेत भेळवाला लागतोच.

दूध चॉकलेटी पावडर घातल्याशिवाय द्यायचं नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची चीजच नाही. ताई दोन दिवस अस्वस्थ होती. मग तिच्या लक्षात आलं की सदर बदललंय, डबा तोच आहे.

इथवर सगळं सुरळीत चालतं. एका गोष्टीपासून मात्र मूल लांब ठेवा, ती म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली खिचडी. शाळेत पोषण आहार द्यायची ही योजना मुळात १९९५ ची. आता तिचं नाव पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजना आहे, पण गावात अजून खिचडीच म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळेला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. एवढं तेल तुमच्याकडे तळणीच्या झाऱ्याला चिकटून जातं. ग्रॅम मोजून मुलाला जेवू घालणं ही काय आईची माया झाली? कधी डाळ पातळ असते, कधी तांदळात खडे निघतात, हेही खरं. पण लाखो रुपये फी घेणाऱ्या शाळेच्या उपाहारगृहात ताटातली प्रथिनं मोजणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच खिचडीत आठवड्याला एक अंडं आलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा निधी थांबवला आणि कळवलं की द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या. ज्या राज्यात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची खुंटलेली आहे, तिथे अंडं लोकवर्गणीवर गेलं, हे बरंच झालं. लोकांचा सहभाग नाही असं कोण म्हणेल? वाढदिवसाला गावातल्या शाळेत जिलेबी वाटायला शहरातून किती गाड्या येतात ते एकदा बघा. अंडं वाटून फोटो काही चांगला येत नाही.

आमच्याकडे चूक झाली ती लग्नासाठी गावी गेलो तेव्हा. माझ्या थोरल्या भावाची मुलगी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. ती भाच्याला शाळा दाखवायला घेऊन गेली, आणि दुपारच्या सुट्टीत तो इतर पोरांबरोबर व्हरांड्यात मांडी घालून बसला. मी फाटकाशी उभा होतो. स्टीलची ताटं पोरांनी घरून आणलेली, एक ताट पुतणीने त्याच्यासाठी मागून घेतलेलं. स्वयंपाकाच्या मावशी पदर खोचून मोठ्या पळीने वाढत होत्या. मटकी घातलेला भात होता, वर कोथिंबीर, ती शाळेच्या परसबागेतली. त्याने एक वाढप संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं. मावशी तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाला, "पुरे."

मावशी म्हणाल्या, "बरं," आणि पुढच्या ताटाकडे गेल्या.

आग्रह नाही की 'माझ्यासाठी एक घास' नाही. पोराला काही सुचेना. थोडा वेळ तो तसाच हात धरून बसला. मग नळावर ताट विसळलं आणि पोरांमागे लंगडी खेळायला पळाला. दोन मिनिटांत धापा टाकत कट्ट्यावर बसला, परत उठला, परत पळाला.

ताईला कळलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं होतं?" तुमच्यावर असा प्रसंग आला तर घाबरून जाऊ नका, भरपाई करता येते. मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावरच्या फूडमॉलवर गाडी थांबवा. फ्राइज घ्या, चीज घातलेलं जे काही असेल ते घ्या, ग्लास मोठा घ्या, कारण मोठा घेतला तर वीस रुपयेच जास्त पडतात. मूल म्हणेल, "मामा, भूक नाही." त्याला सांगा, असं कसं भूक नाही, सकाळपासून पोटात काय गेलंय तुझ्या. म्हणेल, "पुरे." सांगा, पैसे भरलेत, टाकून द्यायचं का? तरीही तोंड उघडलं नाही तर मोबाइल आहेच. गाणी मात्र आधीच उतरवून ठेवा. घाटात रेंज जाते.