एक पेन, चार एमएम

गेल्या रविवारी मी खिडकीची काच आणायला घराबाहेर पडलो आणि दहा रुपयांचे निळे बॉलपेन खिशाला लावून परत आलो. यात माझा काहीही दोष नाही, हे मी घरी तीनदा सांगितले आहे आणि चौथ्यांदा इथे लिहून ठेवतो आहे.

काच फुटली ती खाली खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूने, आणि चेंडू कोणाचा हे अर्थातच कोणालाही ठाऊक नव्हते. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस म्हणाले, की खर्च संस्था देईल, मात्र पावतीवर ‘विंडो पेन’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. मागे एका सभासदाने नुसते ‘ग्लास’ लिहून आणले, तेव्हा संस्थेने पाणी प्यायचे पेले कोणासाठी घेतले, असा शेरा हिशेबतपासनिसांनी मारला होता म्हणे. मी मान डोलावली, फुटक्या जागी जुन्या चादरीची चिंधी कोंबली आणि पावसात बाहेर पडलो.

काच-आरशांच्या दुकानात शिरताच मी तिथल्या पोऱ्याला ‘एक तावदान हवे आहे’ असे स्वच्छ मराठीत सांगितले. त्याने त्यातला ‘ताव’ तेवढा ऐकला आणि ‘‘कागद शेजारी मिळतील,’’ असे सांगून टाकले. तावदान हा शब्द फारसीतून आलेला, त्यातला ‘ताव’ म्हणजे मुळात तेज, उजेड, आणि पानदानातले ‘दान’ तेच याही शब्दातले, हे मला ठाऊक होते. पण ओली छत्री हातात धरून ते सांगण्याची ती जागा नव्हती. म्हणून मी चिटणिसांचा शब्द काढला. ‘‘विंडो पेन,’’ मी म्हणालो. ‘‘पेनपण शेजारीच,’’ असे म्हणून त्याने इतक्या ठामपणे बोट दाखवले, की मी खरोखरच शेजारी गेलो. तिथल्या माणसाने ‘विंडो’ ही कंपनी आपण ठेवत नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि तीन पेने माझ्यासमोर मांडली. त्या दिलगिरीची मला इतकी लाज वाटली, की त्यातले एक मी विकत घेतले.

परत आलो तेव्हा काचेच्या दुकानात स्टुलावर एक निवृत्त गृहस्थ बसलेले होते. त्यांना काहीही विकत घ्यायचे नव्हते. ते पाऊस थांबण्याची वाट पाहत होते आणि दुर्दैवाने त्यांनी माझे मघाचे बोलणे ऐकले होते.

‘‘पेन म्हणालात ना आपण? कोणते पेन?’’ त्यांनी विचारले.

‘‘खिडकीचे.’’

‘‘तसे मोघम बोलू नये. मी चाळीस वर्षे टपाल तिकिटे जमवतो आहे. छापखान्यात तिकिटांचा मोठा ताव छापतात, तो कापतात आणि जे तुकडे विक्रीला पाठवतात, त्यांतल्या प्रत्येकाला पेन म्हणतात. लोक त्यालाच शीट म्हणतात, ते चूक आहे. म्हणजे या मुलाने आपल्याला कागदाकडे धाडले, ते अगदीच अस्थानी नव्हते.’’

पोऱ्या सुखावला. मी सांगितले, की मला तिकिटे नकोत, काच हवी आहे.

‘‘कोटाच्या कापडावर मोठ्या चौकटी असतात, त्या नक्षीलाही विंडोपेन म्हणतात,’’ ते पुढे म्हणाले. ‘‘संगणकात एका विंडोचे भाग पाडले, की तेही पेनच.’’

हे मात्र मला माहीत होते. एक्सेलच्या तक्त्यातली मथळ्याची ओळ जागेवरून हलू नये म्हणून मी कचेरीत रोज ‘फ्रीझ पेन्स’वर टिचकी मारतो. गोठवून ठेवलेले दुखणे, असाच त्याचा अर्थ मी इतकी वर्षे समजत होतो, आणि आमची कचेरी पाहता त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही.

‘‘दुखण्याचा पेन वेगळा,’’ गृहस्थ जणू माझे मनातले ऐकून म्हणाले. ‘‘तो लॅटिनमधल्या ‘पोएना’वरून आला, म्हणजे शिक्षा, दंड. लिहायचा पेन ‘पेन्ना’वरून, म्हणजे पीस. आणि आपला खिडकीचा पेन ‘पान्नुस’वरून. इंग्रजीत तिघांची स्पेलिंगे वेगळी आहेत. मराठीत लिहायला गेलात, की तिघांचा एकच पेन होतो.’’

‘‘आणि पान्नुस म्हणजे काच?’’ मी विचारले. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

‘‘छे! पान्नुस म्हणजे कापडाचा तुकडा. चिंधी. फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला, आधी कापडाचा तुकडा, मग कशाचाही तुकडा, आणि मग काचेचा. पॅनेल हा शब्दही त्याच घराण्यातला. संस्थेच्या निवडणुकीला उभे राहते, ते पॅनेल.’’

‘‘म्हणजे चिंध्याच,’’ मी म्हणालो. त्या सकाळी मला एवढे एकच वाक्य सुचले.

ते हसले नाहीत. ‘‘सध्या खिडकीत काय लावले आहे आपण?’’

‘‘जुन्या चादरीची चिंधी कोंबली आहे.’’

‘‘मग व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता,’’ ते स्टुलावरून उठत, छत्री उघडत म्हणाले, ‘‘आपल्या खिडकीला पेन बसलेलेच आहे.’’

आणि ते निघून गेले. पाऊस थांबला होता.

मला या माणसाचा राग आला नाही असे मी म्हणणार नाही. माझी अर्धी गादी भिजली होती, डास कोणत्याही भाषेची परवानगी न घेता आत येत होते, आणि ज्याच्या घरच्या मुलाने चेंडू मारला तो गृहस्थ त्या वेळी बहुधा गॅलरीत बसून भजी खात होता. रोज काच कापणाऱ्या माणसाच्या तोंडात जो शब्द नाही, तो त्याच्याच हातून पावतीवर लिहवून घेण्याची जबाबदारी माझी का असावी, याचे उत्तर मला संस्थेच्या नियमावलीत सापडलेले नाही.

एवढ्यात आतून मालक आले. मी त्यांना फक्त ‘काच’ म्हणालो. ‘‘साधी की बजरी? चार एमएम देऊ? माप?’’ इतके सगळे अर्ध्या मिनिटात ठरले. अठरा बाय चोवीस इंच, म्हणजे तीन चौरस फूट. हिरकणी चालवणारा माणूस रविवारी येत नसल्यामुळे काच सोमवारी बसवायची, आणि बसवणुकीसह 450 रुपये. पावतीवर ‘विंडो पेन’ लिहा, अशी मी विनंती केली. मालकांचे पेन चालेना, म्हणून मी माझे दिले आणि त्यांनी त्या निळ्या शाईने सुबक देवनागरीत लिहिले: ‘पेन, 1 नग, रु. 450.’

चिटणिसांनी ती पावती दोनदा वाचली, चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि एवढे महागडे पेन संस्थेच्या कोणत्या कामासाठी घेतले, असे विचारले. प्रकरण आता पुढच्या मासिक सभेसमोर जाणार आहे. तूर्त तो दंड मीच भरला आहे.

काच सोमवारी बसली, पण एका बाजूला दोन सूत कमी भरली. कारागिराने ती फट लुकणाने भरली, पावसाळी हवेत ते वाळले नाही आणि रात्री गळून पडले. मी पुन्हा ती चादर शोधली आणि तिची एक बारीक पट्टी फाडून फटीत बसवली.