‘कान ऐकतो ते यंत्राला कळत नाही’ या दाव्याबद्दल

ऑडिओच्या शौकिनांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: आलेख आणि आकडे प्रयोगशाळेपुरते, कान जे ऐकतो ते यंत्राला पकडता येत नाही, नाव झाकून घेतलेल्या चाचणीत ऐकणारा ताणाखाली असतो, म्हणून फरक हरवतात, आणि आवड ज्याची त्याची, तेव्हा ‘चांगला आवाज’ असं काही नसतंच. यातलं ‘आवड ज्याची त्याची’ एवढं मान्य.

पहिला मुद्दा यंत्राचा. अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जातो तो वेळेनुसार बदलणारा विद्युतदाब. दोन अ‍ॅम्प्लिफायरचे सिग्नल एकातून एक वजा करा. कानाला कळणारा फरक असेल तर तो उरलेल्या भागात सापडलाच पाहिजे. आजची उपकरणं मूळ सिग्नलपेक्षा १२० डेसिबल खालची, म्हणजे दहा लाखांत एक भाग इतकी विकृतीही दाखवतात. अडचण पुढे आहे: मोजलेल्यातलं कानाला काय जाणवेल? इथे टीएचडीचा, म्हणजे उपकरणाने घातलेल्या सगळ्या हार्मोनिक विकृतीच्या बेरजेचा, एकच आकडा खरोखर फसवा असतो. दुसरा-तिसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) मूळ सुराखाली बराचसा झाकला जातो, वरचे हार्मोनिक थोडेसे असले तरी बोचतात. माहितीपत्रकातल्या त्या आकड्यावर राग काढायचा तर खुशाल काढा, मीही काढतो.

‘ट्यूब अ‍ॅम्पची ऊब’ हे या मजकुराचं लाडकं उदाहरण. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. बऱ्याच ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) जास्त असतो आणि स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा. त्यामुळे काही पट्टे उचलले जातात, काही दबतात. हा फरक ऐकू येतो आणि आलेखातही स्वच्छ दिसतो. म्हणजे न मोजता येणाऱ्या जादूचा पुरावा म्हणून निवडलेली वस्तूच मोजायला सर्वांत सोपी निघाली!

आता ताणाचा मुद्दा. एमपी३सारखी तंत्रं घडवताना सराव झालेल्या श्रोत्यांनी नाव झाकूनच बारीकसारीक दोष पकडले. तेव्हा ताण कुठे गेला होता? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर लोकांना आधी दिसत असताना आणि मग झाकून ऐकवले. दिसत असताना गुण बदलले, हे अपेक्षितच होतं. पण स्पीकरची जागा किंवा ऐकवलेलं संगीत बदलल्यावर आवाजात होणारे खरे फरकही दिसत असताना कमी जाणवले. दाव्याच्या नेमकं उलट. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या अभ्यासकांनी उच्च रिझोल्यूशनच्या ध्वनीत मधूनच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

शिवाय आवाजाची पातळी. दोन उपकरणांत अर्ध्या डेसिबलचा फरक राहिला तर तो ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असा जाणवतो. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवर समीक्षेची काही पानं भरतात, तेवढंच.

राहिली आवड. नाव झाकल्यावर ती वाटते तितकी विखुरलेली नसते. टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये केलेल्या चाचण्यांत बहुतेकांचा कौल समोरून सपाट (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच पातळीवर) आणि बाजूंनाही सुरळीत प्रतिसाद देणाऱ्या स्पीकरना मिळाला. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरच्या केवळ मोजमापांवरून पसंतीचा अंदाज बांधला. प्रत्यक्ष पसंतीशी त्याचा सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). बासच्या प्रमाणावर मात्र मतं खरोखर फाटतात, हेडफोनमध्ये तर फारच. तिथे टोन कंट्रोल फिरवावा, बिनदिक्कत.

विनाइल (ग्रामोफोनची तबकडी) आवडतं, ट्यूब आवडते, याचा पुरावा कुणी मागत नाही. पण ‘केबल बदलली आणि बास खुलला’ हे विधान आवडीबद्दलचं नसून केबलबद्दलचं आहे. ते करणाऱ्याकडे मी आलेख मागणार नाही. पातळी जुळवून, कोणती केबल लावली ते न सांगता, दहा वेळा ओळखायला सांगेन. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे. तेवढे आले, तर पुढचं मोजमाप मी स्वतः करायला बसेन.