साडेदहाची खाज

आयुष्यात मी एकही गोष्ट वेळेवर केलेली नाही, बायकोला विचारा, ती तारखांसकट सांगेल. पण मध्यंतरी माझ्या आत असे पाहुणे उतरले की त्यांच्यावर घड्याळ लावावं! रात्री साडेदहाला पाठ टेकली, डोळा लागतोय न लागतोय की 'तिथे' खाज सुरू. तिथे म्हणजे कुठे ते विचारू नका. दिवसभर मात्र चिडीचूप, त्यामुळे दुपारी डॉक्टरांसमोर बसल्यावर माझी तक्रार मलाच खोटी वाटायला लागली.

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "जंत आहेत. तुम्ही झोपलात की मादी अंडी घालायला बाहेर येते, दहा हजारांच्या आसपास घालते." म्हणजे माझी झोप ही तिची ड्युटी! वर स्लाइड देऊन म्हणाले, सकाळी उठल्या उठल्या, अंघोळ नाही, संडास नाही, आधी सेलोटेप तिथे दाबायची आणि यावर चिकटवून आणायची. आता सेलोटेपचं टोक दिवसाढवळ्या सापडत नाही, ते पहाटे बाथरूममध्ये, चष्म्याशिवाय, एका पायावर वाकून... पहिला तुकडा अंगठ्याला चिकटला, दुसरा कुठे गेला ते अजून माहीत नाहीये.

रिपोर्ट येईपर्यंत वाचत बसलो, तर सगळी जमातच वक्तशीर निघाली की. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं दिवसभर फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास रक्तात फिरायला निघतात, का तर त्यांना पुढे नेणारा डास रात्री चावतो. म्हणून तपासणीचं रक्तही रात्रीच घेतात. आफ्रिकेतल्या लोआ लोआ नावाच्या जंताची गाडी म्हणजे दिवसा चावणारी माशी, तर ती पिल्लं दिवसाच बाहेर! आणि हत्तीरोगाच्या पेशंटला दिवसा झोपवून रात्री जागवलं तर काही दिवसांनी पिल्लंही शिफ्ट बदलतात म्हणे. मला साधी मुलाच्या शाळेची वेळ बदललेली महिनाभर झेपली नव्हती.

रिपोर्टमध्ये अंडी निघालीच. गोळी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, त्यामुळे सगळे ओळीत उभे आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर, हे आणलं कुणी? मुलगा नखं खात छताकडे बघत होता. गोळीने जंत मरतात पण अंडी उरतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची, विसरू नका हं, डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

एकोणिसाव्या दिवशी घेतली. तीही रात्री साडेदहाला आठवण करून दिली म्हणून.